शाळेतलं संशोधन: निधी कुणाकडे मागायचा, प्रशिक्षण कसलं घ्यायचं आणि अर्जात काय लिहायचं?

रेघोटी

गेल्या काही महिन्यांत इथल्या सात-आठ जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलं: शाळेत शिकवता शिकवता संशोधन करायला पैसे मिळतात का, आणि कुणाकडून? प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने उत्तर देण्यापेक्षा धागाच काढते. ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी भर घालावी, माझं चुकलं असेल तिथे सांगावं.

मी सोळा वर्षं गणित शिकवते. निधीसाठी तीनदा अर्ज केला. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा होकार.

पहिला अर्ज टॅब्लेटसाठी होता. शीर्षक 'गणिताची गोडी वाढवणे'. सहा पानं लिहिली, त्यातली चार त्या यंत्रांवर काय काय करता येईल याची. दुसरा अर्ज सगळ्या शिक्षकांसाठी दोन दिवसांच्या कार्यशाळेचा. तो नाकारताना परीक्षकाने एक ओळ लिहून पाठवली: अर्जदाराला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे ते समजलं नाही. ती ओळ मला फार लागली. दोन दिवस रागातच गेले. मग अर्ज काढून पुन्हा वाचला, आणि खरंच, अख्ख्या अर्जात प्रश्नचिन्ह असलेलं एक वाक्य नव्हतं.

तिसरा अर्ज निघाला एका उत्तरपत्रिकेतून. संख्यारेषेवर १/३ आणि १/४ दाखवा, असा साधा प्रश्न होता. वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुलांनी १/४ उजवीकडे काढला. मी नेहमीप्रमाणे समजले की मुलं छेद बघून फसली, तीनानंतर चार येतात म्हणून चौथा भाग मोठा. सोळा वर्षं हेच समजत होते आणि त्यावरच उपाय करत होते. त्या वेळी शेजारच्या वर्गाच्या बाईंचा ऑफ तास होता, म्हणून त्यांना म्हटलं, मागे येऊन बसा आणि फक्त दोन मुलांकडे बघा. माझ्याकडे बघू नका, फळ्याकडे बघू नका. त्यांच्या वहीत तासाच्या शेवटी एवढंच लिहिलेलं होतं: 'चार भाग करायला सांगितले. मुलाने ० आणि १ च्या मध्ये चार रेघा मारल्या. भाग पाच झाले. पहिल्या रेघेवर १/४ लिहिलं.' म्हणजे तो मुलगा रेघा मोजत होता, रेघांमधल्या जागा मोजत नव्हता. छेदाची गफलत वेगळी, ही वेगळी. उत्तर बघून हे कधीच कळलं नसतं, हात कसा चालतो ते बघूनच कळलं.

तोच प्रश्न अर्जात लिहिला: आमच्या शाळेत किती मुलं रेघा मोजतात, किती छेद बघून फसतात, आणि दोघांना वेगवेगळं शिकवलं तर फरक पडतो का? मागितलं काय, तर आठवड्यातून एक तास बदली शिक्षकाचं मानधन, म्हणजे आम्हा तिघींना आळीपाळीने एकमेकींच्या वर्गात बसता येईल. शिवाय विद्यापीठातल्या एका मार्गदर्शक बाईंच्या चार भेटींचा खर्च. यंत्र एकही नाही. पहिल्या अर्जात मागितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी पैसे होते, आणि तेच मिळाले.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं एवढंच: वस्तू मागू नका, वेळ मागा. शाळेत सगळ्यात कमी असलेली गोष्ट तीच आहे आणि ती मागायला आपण लाजतो.

आता कुणाला काय अनुभव आहेत ते लिहा. संस्थांची नावं, अटी, जे खात्रीने माहीत असेल ते.

समास

उत्तम धागा. मी काही वर्षं छोट्या संशोधन-निधीसाठी आलेले प्रस्ताव तपासतो. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

एका फेरीत परीक्षकाकडे प्रस्तावांचा गठ्ठा येतो आणि प्रत्येकाला सुरुवातीला पाच-सात मिनिटंच मिळतात. त्या वेळात परीक्षक तीन गोष्टी शोधतो. प्रश्न कुठे आहे. तो प्रश्न याच माणसाने का विचारावा. आणि उत्तर 'नाही' आलं तर यांना काय कळेल. तिसरी बाब बहुतेक अर्जांत नसतेच. 'या उपक्रमामुळे मुलांची प्रगती होईल' असं लिहिलेलं असतं. होईल हे आधीच माहीत असेल तर संशोधन कशाला?

रेघोटीताईंच्या अर्जात 'किती मुलं रेघा मोजतात' हा प्रश्न होता. तो मोजता येतो, त्यात चूक निघू शकते, आणि तो त्यांच्याच वर्गातून आलाय. परीक्षकाला एवढं पुरतं.

अंदाजपत्रकाबद्दल: प्रत्येक ओळीचा पद्धतीच्या एका वाक्याशी संबंध दाखवता आला पाहिजे. पद्धतीत बारा मुलाखती असतील तर अंदाजपत्रकात बारा मुलाखती उतरवून काढण्याचे तास हवेत. एक तासाचं ध्वनिमुद्रण लिहून काढायला नवख्याला पाच-सहा तास लागतात, हे बहुतेक जण विसरतात. मग मुलाखती होतात आणि फिती तशाच पडून राहतात.

संस्थांपैकी मला चांगली माहीत असलेली एक, स्पेन्सर फाउंडेशन. शिकागोची खाजगी संस्था, १९६२ साली स्थापन झालेली, आणि केवळ शिक्षणविषयक संशोधनालाच पैसे देते. त्यांच्या छोट्या अनुदानाची मर्यादा ५०,००० डॉलर. जगातल्या कुठल्याही देशातून अर्ज करता येतो, प्रस्ताव इंग्रजीत आणि अंदाजपत्रक डॉलरमध्ये. विषयाची चौकट ते घालून देत नाहीत, प्रश्न तुमचा. पण मुख्य संशोधकाकडे पीएच.डी. किंवा शिक्षण-संशोधनातला तोडीचा अनुभव लागतो, आणि पैसे व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावे जातात. म्हणजे शाळेतल्या शिक्षकाने एकट्याने जाण्याची ही जागा नाही. विद्यापीठातला जोडीदार शोधून जाण्याची आहे. छोट्या अनुदानात संस्थेचा वरखर्च धरता येत नाही, हेही आधीच विद्यापीठाच्या हिशेब विभागाला सांगून ठेवा. नाहीतर सह्या ऐनवेळी अडतात.

उजळणी

वाचतेय. मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वाचन-अध्यापन. समास, एक शंका. प्रबंधासाठी स्वतंत्र निधी असतो का, की मार्गदर्शकांच्या प्रकल्पातूनच भागवायचं? माझ्या ओळखीतले बहुतेक जण दुसऱ्याच्या प्रकल्पाची कामं करून उरलेल्या वेळात स्वतःचा प्रबंध लिहितात.

समास

असतो, पण अटी नीट वाचा. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या नॅशनल अकादमी ऑफ एज्युकेशन आणि स्पेन्सर यांची मिळून प्रबंध-शिष्यवृत्ती आहे, २७,५०० डॉलरची. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा अशी अट नाही, पण तो तिथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करणारा असावा लागतो. शिवाय ती लिहिण्याच्या टप्प्यासाठी आहे, माहिती गोळा करण्यासाठी नाही. पुष्कळ विद्यार्थी हा फरक न बघता अर्ज करतात आणि महिनाभराचं काम वाया जातं.

दुसरं, परिषदांना जाण्याचे छोटे निधी. युरोपियन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनची वार्षिक परिषद १९९० च्या दशकापासून भरते आणि तिच्याआधी नवोदित संशोधकांची स्वतंत्र परिषद असते. अशा ठिकाणी सवलतीचं शुल्क आणि काहींना प्रवासखर्च मिळतो. रक्कम लहान, पण पुढच्या अर्जात 'यापूर्वी मिळालेला निधी' या रकान्यात लिहायला पहिली ओळ मिळते. रिकामा रकाना भरायला सुरुवात करायची ती इथून.

मधली सुट्टी

मी मुख्याध्यापक आहे, म्हणून रेघोटीताईंच्या 'वेळ मागा' याला अनुमोदन देऊन एक अडचणही मांडतो.

आमच्याकडे प्रशिक्षणाला तोटा नाही. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०१८ च्या 'टॅलिस' या शिक्षकांच्या सर्वेक्षणात सहभागी देशांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षकांनी सांगितलं की आधीच्या वर्षभरात त्यांनी कुठलं ना कुठलं व्यावसायिक प्रशिक्षण घेतलंय. मग तक्रार कसली? तक्रार अशी की ते सभागृहात होतं, एक दिवस होतं आणि सोमवारी वर्गात त्याचा मागमूस नसतो.

२००७ सालचा एक आढावा मी दर नव्या शिक्षकाला दाखवतो. संशोधकांनी शिक्षक-प्रशिक्षणावरचे तेराशेहून जास्त अभ्यास चाळले. मुलांच्या शिकण्यावर परिणाम झाला की नाही हे खात्रीने सांगता येईल असे त्यातले फक्त ९ निघाले. नऊ! त्या नऊंत शिक्षकांना मिळालेलं प्रशिक्षण सरासरी ४९ तासांचं होतं आणि तिथे मुलांची प्रगती ठळक दिसली. चौदा तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षण असलेल्या अभ्यासांत म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. नऊ अभ्यासांवरून '४९ तास म्हणजे यश' असं सूत्र काढू नये, ते चुकीचं होईल. पण दोन दिवसांच्या कार्यशाळेवर खर्च करायच्या आधी हात थबकावा एवढं त्यात नक्की आहे.

अडचण ही की वेळ द्यायचा म्हणजे मला वेळापत्रक फोडावं लागतं. तीन शिक्षकांना एकाच तासाला मोकळं करायचं तर पाच वर्गांचे तास हलतात. बदली शिक्षक पैशाने मिळतो, पण तो मुलांना ओळखत नाही. पालक विचारतात, आमच्या वर्गावर बाई का नव्हत्या? हे प्रश्न खरे आहेत, आणि अर्ज लिहिणाऱ्याने मुख्याध्यापकाला आधी विचारलं नाही तर मंजूर झालेला निधी पडून राहतो. माझ्या शाळेत एकदा हे झालंय. पैसे परत पाठवताना त्या शिक्षिकेचा चेहरा मला अजून आठवतो. तिने कष्ट घेतले होते, आणि मी वर्षाच्या मध्यावर वेळापत्रक बदलू शकत नव्हतो. तिने मार्चमध्ये विचारलं असतं तर जूनचं वेळापत्रक तिच्याभोवती बांधलं असतं. मी मार्चमध्ये स्वतःहून विचारायला हवं होतं, हेही तितकंच खरं. आता दर वर्षी विचारतो.

खडू

माफ करा, पण मला थोडं विरोधी बोलायचंय. विद्यापीठाचा जोडीदार शोधा म्हणता, त्यात शिक्षकाचं काय होतं ते पाहिलंय. आमच्या शाळेत एक मोठा प्रकल्प आला होता. दोन वर्षं आम्ही दर महिन्याला चाचण्या घेतल्या, तक्ते भरले, मुलांच्या वह्यांचे फोटो पाठवले. अहवाल आला तेव्हा त्यात आमचा उल्लेख 'सहभागी शाळा क्रमांक ४' असा होता. निष्कर्ष आम्हाला कुणी समजावले नाहीत. मी स्वतः लिहिलेली निरीक्षणं, चाळीस पानं, त्यांचं काय झालं विचारलं तर उत्तर आलं की ती संशोधनाच्या चौकटीत बसत नव्हती. तेव्हापासून जोडीदार म्हटलं की मी मागे सरतो.

समास

खडू, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि हे माझ्या बाजूच्या लोकांचं पाप आहे. त्यावर उपाय अर्ज लिहितानाच करावा लागतो, नंतर होत नाही. तीन गोष्टी लेखी घ्या: शिक्षकाचं नाव सहसंशोधक म्हणून, शाळेच्या वाट्याची रक्कम अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत, आणि निष्कर्ष छापण्याआधी शाळेत येऊन समजावून सांगण्याची तारीख. जोडीदार या तिन्हींना कचरत असेल तर तो जोडीदार नव्हे.

उलट उदाहरणही सांगतो. शिकागो विद्यापीठात १९९० पासून शहरातल्या शाळांबरोबर काम करणारी एक संशोधन-संस्था आहे, कन्सॉर्शियम ऑन स्कूल रिसर्च. माध्यमिक शाळेतून मुलं का गळतात, याचा शोध घेताना त्यांनी शाळांकडे आधीच असलेली साधी माहिती वापरली: नववीच्या वर्षात मुलाने पुरेसे विषय पूर्ण केले का आणि मुख्य विषयांत एकाहून जास्त सत्रांत तो नापास झाला का. या कसोटीवर रुळावर असलेलं मूल चार वर्षांत (नववी ते बारावी) शाळा पूर्ण करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्या मुलापेक्षा साडेतीन पटींहून जास्त निघाली. आधीच्या इयत्तांतल्या चाचणीच्या गुणांपेक्षा ही साधी खूण जास्त बोलकी ठरली. पण मला मोलाचं वाटतं ते पुढचं. ही खूण शिक्षकांच्या हातात वर्ष संपायच्या आत पोचू लागली. मूल नापास होऊन गेल्यावर नाही, तर होण्याच्या वाटेवर असताना. तिथले शिक्षक 'शाळा क्रमांक ४' राहिले नाहीत, कारण माहितीचा उपयोग पहिल्यांदा त्यांना होता.

तिसरा बाक

व्यक्ती म्हणून अर्ज करता येईल असं काही विचारणाऱ्यांसाठी: जपान सरकारची 'शिक्षक-प्रशिक्षण विद्यार्थी' नावाची शिष्यवृत्ती आहे. वय ३५ च्या आत, शाळेत किंवा शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत किमान पाच वर्षांचा अनुभव. जपानी विद्यापीठात साधारण दीड वर्ष राहायचं, सुरुवातीला भाषा आणि मग शिक्षणशास्त्राचा अभ्यास. विद्यापीठाचं शुल्क नाही, प्रवासखर्च आणि मासिक भत्ता मिळतो. अर्ज जपानच्या वकिलातीमार्फत. मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी ही माहिती वाचली आणि कागद जमेपर्यंत वय निघून गेलं. म्हणून पंचविशी-तिशीतल्या शिक्षकांना हात जोडून सांगते, आजच तारखा बघा.

आणि युरोपातल्या शाळांत शिकवणारे कुणी इथे असतील तर युरोपीय संघाची इरॅस्मस प्लस योजना. त्यात दुसऱ्या देशातल्या शाळेत जाऊन शिक्षकाच्या मागे बसून काम बघायला पैसे मिळतात. पण एक मेख आहे: शिक्षक स्वतः अर्ज करूच शकत नाही, शाळेने करायचा असतो. मधली सुट्टी म्हणाले तेच, मुख्याध्यापकाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावं लागतं.

रेघोटी

खडू, तुमची चाळीस पानं अजून असतील तर ती टाकू नका. मी तुमच्या जागी असते तर त्यातलं एकच पान घेऊन पुढचा अर्ज त्यावर लिहिला असता. शिक्षकाने आपल्याच कामाचा पद्धतशीर शोध घेणं यात चौकटीबाहेरचं काही नाही. 'कृतिसंशोधन' हा शब्द मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात रूढ केला, १९५० च्या दशकात तो शाळांमध्ये आला, आणि १९७५ मध्ये इंग्लंडचे शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षक हाच संशोधक असावा अशी ठाम भूमिका मांडली. आपण करतो ते काही उधार-उसनवारीचं संशोधन नाही.

वर्गात बसून बघण्याबद्दल आणखी. जपानी शाळांत हे 'पाठ-अभ्यास' म्हणून शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय. चार-पाच शिक्षक मिळून एका पाठाचं टाचण तयार करतात. एक शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, मग बसून बोलतात. बोलताना शिकवणाऱ्यावर टीका नसते, चर्चा पाठाची असते. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीबरोबर जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या २३१ गणित-तासांचं चित्रीकरण झालं, आणि त्या अभ्यासानंतर बाहेरच्या जगाचं या पद्धतीकडे लक्ष गेलं.

आम्ही तिघींनी त्यातला एकच नियम उचलला: निरीक्षणवहीत मत लिहायचं नाही, दिसलं तेच लिहायचं. 'मुलगी गोंधळली' असं नाही. 'मुलीने पट्टी उचलली, ठेवली, शेजारच्या वहीत बघितलं, खोडलं.' पहिला महिना फार जड गेला. सवयीने मतच येतं हाताखाली. एका बाईंनी तर पहिल्या तीन तासांची पानं चिकटवून टाकली आणि नव्याने सुरुवात केली. दुसऱ्या महिन्यापासून आमच्या चर्चाच बदलल्या. कुणाचा वर्ग चांगला, कुणाचा वाईट, हे बोलणं आपोआप थांबलं.

उजळणी

रेघोटीताई, निकाल काय आला? वेगवेगळं शिकवल्याने फरक पडला?

रेघोटी

अर्धवट. रेघा मोजणाऱ्या मुलांना आम्ही कागदाची पट्टी घडी घालून दिली, म्हणजे भाग हाताला लागतात आणि घड्या आपोआप कमी पडतात: चार भागांना तीन घड्या. त्यांच्यात सुधारणा झाली आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही टिकली होती. छेद बघून फसणाऱ्यांत मात्र आमच्या पद्धतीने आणि नेहमीच्या पद्धतीने काहीच फरक नव्हता. अहवालात दोन्ही लिहिलं. निधी देणाऱ्यांनी त्याबद्दल एक शब्दही वावगा काढला नाही, उलट दुसऱ्या भागाबद्दलच जास्त विचारलं.

समास

हे सगळ्यांनी वाचावं. नकारात्मक निकालाची भीती शिक्षकांना फार वाटते. इंग्लंडमध्ये २०११ साली सरकारच्या १२५ दशलक्ष पौंडांच्या निधीवर एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन उभी राहिली. शाळांमधले उपक्रम खरंच चालतात का, हे स्वतंत्र मूल्यमापकांकडून तपासायचं, निकाल कसाही येवो, छापायचा. २०१९ मध्ये दोघा संशोधकांनी या संस्थेने आणि तिच्या अमेरिकेतल्या समकक्ष संस्थेने पैसे दिलेल्या १४१ मोठ्या चाचण्या एकत्र तपासल्या. सरासरी परिणाम ०.०६ प्रमाण विचलन, म्हणजे अगदी थोडा. मोठमोठ्या संस्थांच्या, भक्कम पैशांच्या उपक्रमांचं हे चित्र आहे. तेव्हा तिघी शिक्षिकांच्या अभ्यासात अर्धा भाग चालला आणि अर्धा नाही चालला, तर ते चांगलं, प्रामाणिक काम आहे.

आणि एकाच दाराशी उभे राहू नका. अमेरिकेच्या शिक्षण विभागातली इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस २००२ पासून या क्षेत्रातला मोठा आधार होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची डझनावारी कंत्राटं एका झटक्यात रद्द झाली. चालू अभ्यास मध्येच थांबले, माहिती गोळा झालेली आणि विश्लेषणाला माणूस नाही अशी अवस्था झाली. तिथल्या तरुण संशोधकांशी बोललो तेव्हा मन विषण्ण झालं. प्रकल्प असा आखा की पहिल्या सहा महिन्यांनंतर पैसे थांबले तरी तोवरच्या कामाचं काहीतरी पूर्ण उत्तर हातात राहील.

मधली सुट्टी

ज्यांना निधी मिळायचा तेव्हा मिळो, पण आज काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी: शिक्षणविषयक लेखांचा 'एरिक' नावाचा शोधसंग्रह १९६० च्या दशकापासून आहे आणि फुकट वापरता येतो. लेख कुलूपबंद असेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. समासांनी सांगितलेल्या इंग्लंडच्या संस्थेचा उपक्रमांचा तक्ताही खुला आहे. प्रत्येक उपक्रमापुढे खर्च किती, पुरावा किती भक्कम आणि परिणाम किती, असे तीन रकाने. शाळेत काही विकायला कुणी आलं की मी आधी तो तक्ता उघडतो.

आणि प्रशिक्षणावरच पैसे घालायचे असतील तर वर्गात येऊन बसणाऱ्या मार्गदर्शकावर घाला. अशा मार्गदर्शनावरच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये निघाला. शिकवण्यात चांगली सुधारणा आणि मुलांच्या शिकण्यातही दिसण्याजोगी. मात्र कार्यक्रम शेकडो शिक्षकांपर्यंत फुगवला की परिणाम घटत गेला. शाळेच्या आकाराला हे बरोबर बसतं.

तिसरा बाक

एक राहिलं. मुलांची संमती. पालकांची सही घेतो तशी मुलांनाही त्यांना कळेल अशा शब्दांत विचारायला हवं, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला तासात वेगळं पाडलं जाऊ नये याची सोय हवी. अर्जात याचा स्वतंत्र परिच्छेद लिहा. हा परिच्छेद नसेल तर चांगला प्रस्तावही परत येतो. वह्यांचे फोटो काढताना नाव झाकायचं, हे तर पहिल्या दिवसापासून.

खडू

काल रात्री ती चाळीस पानं काढली. रेघोटीताई, तुमच्या नियमाने वाचली: मत कुठे, दिसलेलं कुठे. बरंचसं मत आहे. पण एकोणिसाव्या पानावर लिहिलंय की मोठ्याने वाचताना एक मुलगी जोडाक्षराच्या आधी दर वेळी श्वास घेते, आणि वाक्य तिथे तुटतं. पुढे दोन पानांवर आणखी तीन मुलांचं तेच. मी तेव्हा ते लिहून पुढे गेलो होतो.

प्रश्न असा लिहिलाय: जोडाक्षराआधी थांबणारी मुलं किती आहेत, आणि ती वाक्याचा अर्थ सांगताना जास्त अडखळतात का? समास, हा अर्जाचा प्रश्न होईल का? उजळणी, तुमचा विषय वाचन आहे, तुमचं मत हवं.

उजळणी

होईल. यावर मला तुमच्याबरोबर काम करायला आवडेल. एक सुचवते: मूल थांबतं ते अक्षर ओळखता न आल्याने की उच्चाराची तयारी करायला, हे वेगळं करावं लागेल. तोच शब्द आधी ऐकवून मग वाचायला दिला आणि तरी थांबलं तर अडचण अक्षर ओळखण्यात असण्याची शक्यता जास्त. थांबणं गेलं तर शब्द अनोळखी होता, म्हणून उच्चाराची तयारी लागत होती. आठ-दहा शब्दांची यादी मी करून पाठवते. आणि समासांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी पहिल्या ईमेलमध्येच लिहून देते, सहसंशोधक म्हणून तुमच्या नावासकट.

मधली सुट्टी

खडू, तुमच्या मुख्याध्यापकांना पुढच्या वर्षाचं वेळापत्रक पक्कं व्हायच्या आत सांगा. अडलं तर व्यनि करा, तीन तास हलवायचा माझा कच्चा आराखडा पाठवतो.